मदत हवी आहे: डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकीला पुस्तकांची गोडी पुन्हा कशी लावू?

नमस्कार मंडळी,

माझी लेक साडेसहा वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. बोलणं अजून तुटक, बाहेरच्यांना निम्मं कळत नाही. पण समज चांगली आहे. आजोबांचा चष्मा कुठे राहिलाय ते घरात सगळ्यांत आधी तिलाच ठाऊक असतं.

तिला छापलेला कागद फार आवडायचा. लग्नपत्रिका हातात आली की तासभर घेऊन बसायची, गणपतीवर बोट ठेवून 'बापा' म्हणायची. मी गोष्ट वाचायला लागले की मांडीवर येऊन टेकायची. मग 'अ अननसाचा' सुरू झालं. शाळेतल्या बाई जीव लावून शिकवतात, पण त्यांचं म्हणणं, आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, शब्द त्यानंतर. दोन वर्षांत आम्ही 'ऊ'च्या पुढे गेलो नाही. पाटी काढली की ती पलंगाखाली जाऊन बसते. आता गोष्टीचं पुस्तक दिसलं तरी मान फिरवते. मला याचंच जास्त लागलंय.

एक गोष्ट मात्र कळत नाही. तिच्या आणि पुतण्याच्या एकसारख्या डब्यांवर मी नावं लिहिली. तिने स्वतःचा बरोबर उचलला. जागा बदलून ठेवले, तरी तिचाच उचलला. एकही अक्षर येत नसताना हे कसं? बाराखडी काही दिवस बाजूला ठेवली तर तिचं नुकसान होईल का? घरी मी काय करू शकते? पुस्तकं कशी घ्यावीत, पातळ पानं तिच्या बोटांना उलटत नाहीत, फाटतात. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:

ताई, डब्यावरचं नाव ती वाचतेच आहे. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, त्याचंही असंच सुरू झालं होतं.

या मुलांची पाहिलेलं लक्षात ठेवण्याची ताकद ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा बहुधा पक्की असते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ सू बकली यांनी 1980च्या दशकापासून यावरच काम केलं. एका वडिलांनी आपल्या लहानग्या मुलीला शब्द लिहिलेल्या पत्त्यांवरून (कार्डांवरून) वाचायला शिकवलं आणि तसं त्यांना पत्राने कळवलं, तिथून सुरुवात झाली.

दोन पत्ते करा, 'आई' आणि 'बाबा'. 'दादा', 'बाबा' असे दिसायला सारखे शब्द एकत्र नकोत. आधी फक्त सारख्यावर सारखा पत्ता ठेवू द्या. मग 'आई कुठंय?' विचारा, तिने उचलायचा. तोंडाने म्हणवून घेणं सगळ्यांत शेवटी. ते अडलं तरी पुढचा शब्द द्या, तिचं बोट हेच उत्तर धरा. पाच मिनिटं पुरेत, ती कंटाळायच्या आत थांबा. मुळाक्षरं सोडायची नाहीत, ती ओळखीच्या शब्दांतून येतील. आमच्याकडे 'म' आला तो 'मामा'तून.

पुस्तक तिचंच बनवा. घरातले आठ फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ: 'आजी भाकरी करते.' आमचं पहिलं पुस्तक गोठ्यातल्या म्हशीचं होतं, ते त्याने वर्षभर रोज वाचायला लावलं. वाचून झाल्यावर 'हे काय, ते काय' विचारू नका. पानं पुठ्ठ्यावर चिकटवा, कडेला जाड तुकडा लावा, म्हणजे बोट अडकतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. पहिल्या पातळीच्या घ्या, पानावर मजकूर अगदी थोडा असतो.

आणि डोळे-कान तपासून घ्याच. लांबचा चष्मा असूनही यांना जवळचं धूसर दिसणं फार आढळतं, बायफोकलने (लांबचं-जवळचं दोन्हींसाठीच्या चष्म्याने) अनेकांना फरक पडतो. कानाच्या पडद्यामागे द्रव साचून कमी ऐकू येणंही नेहमीचंच.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. चष्मा आहे, पण जवळचं कधी कुणी तपासलंच नाही. या आठवड्यात जाऊन येतो. रात्री तिला मोबाइलवर फोटो दाखवले, तिने पहिला निवडला तो आजोबांचा, चष्म्यासकट. ओळ छापून घेऊ की हाताने लिहू?

प्रतिसाद:

हातानेच लिहा. काळ्या स्केचपेनने, बोटभर उंच अक्षरं, फोटोवर नाही, खालच्या पांढऱ्या जागेत. 'आजोबांचा चष्मा' आधी नको, जोडाक्षर आहे. 'हे आजोबा' एवढंच पुरे.