नॉइज म्हणजे नेमकं काय? प्रत्येक विषयात वेगळंच सांगतात

कुतूहल_२

मंडळी, मी एमएस्सीपर्यंत फिजिक्स केलं आणि आता बायोलॉजीच्या लॅबमध्ये आलेय, आणि इथे एका शब्दावरून माझा पार गोंधळ उडालाय. फिजिक्समध्ये नॉइज म्हणजे घालवायची गोष्ट असंच डोक्यात बसलं होतं, शिल्डिंग करा, फिल्टर लावा, शंभरदा मोजा आणि सरासरी काढा, उरेल ते खरं. इथे मायक्रोस्कोपखाली बॅक्टेरिया बघतेय, सगळे एकाच पेशीपासून वाढलेले, म्हणजे डीएनए तोच, मीडियम तेच, तापमान तेच, आणि तरी एक पेशी आत घातलेल्या चमकणाऱ्या प्रोटीनमुळे लख्ख हिरवी चमकतेय नि तिला चिकटून बसलेली तिची बहीण, जी मगाशीच तिच्यापासून वेगळी झाली, ती जेमतेम दिसतेय. मी सवयीने सगळ्यांची सरासरी काढून एक आकडा सरांना दिला तर म्हणाले, अगं नॉइजच तर मोजायचाय, तोच टाकून दिलास.

तर रेझिस्टरमधला नॉइज, मोजमापातली चूक, पेशीपेशींतला फरक, हे सगळं खरंच एक आहे की नुसता शब्द एक आहे? तुमच्या क्षेत्रात काय असतं ते सांगा, शक्यतो उदाहरण देऊन.

मेगाओहम

इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे म्हणून आधी एक गोष्ट वेगळी काढतो, ऑसिलोस्कोपवर दिसणारी विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची घरघर हा नॉइज नाही, तो बाहेरून घुसलेला सिग्नल आहे, वायरिंग नीट केलं, ग्राउंड लूप तोडला की जातो. खरा नॉइज काही केलं तरी जात नाही. एक रेझिस्टर घ्या, बॅटरी नाही, करंट नाही, नुसता टेबलावर पडलेला, तरी त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज हलत असतं, कारण आतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे धडपडत असतात. १ मेगाओहम, खोलीचं तापमान आणि १० किलोहर्ट्झची बँडविड्थ धरली तर साधारण १३ मायक्रोव्होल्ट येतात. तोच रेझिस्टर लिक्विड नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला बुडवला की जवळजवळ निम्मे होतात. मी हे पहिल्यांदा स्वतः मोजलं तेव्हा कितीतरी वेळ अँप्लिफायरवरच संशय घेत होतो, पण रेझिस्टर वर काढला की आकडा परत चढायचा आणि बुडवला की उतरायचा, तेव्हा पटलं की हे रेझिस्टरचंच आहे.

जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी १९२८ मध्ये हे मांडलं, एकाने मोजून आणि दुसऱ्याने सिद्धांतातून, आणि गंमत म्हणजे त्या नॉइजवरून बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांना जोडणारा आकडा, काढता येतो. त्याच्याही आधी १९१८ मध्ये शॉटकीने दाखवलं होतं की करंट सलग धारेसारखा वाहत नाही, सुट्या इलेक्ट्रॉनांनी येतो, म्हणून तो हलतो, आणि किती हलतो यावरून एका इलेक्ट्रॉनचा चार्ज काढता येतो. म्हणजे तुमचे सर म्हणतात ते फिजिक्सलाही नवीन नाही हो, आपल्याला प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तेवढा भाग कुणी लिहायला लावला नाही इतकंच.

सरासरीचं म्हणाल तर शंभरदा मोजल्यावर चूक दहापट कमी होते हे व्हाइट नॉइजला, म्हणजे सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखा असतो त्याला, लागू. वन बाय एफ नॉइज, म्हणजे फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितका मोठा होणारा, असेल तर जितका वेळ जास्त मोजाल तितकं रीडिंग सावकाश सरकत राहतं, तिथे नुसता धीर धरून भागत नाही, सिग्नलच वरच्या फ्रीक्वेन्सीला नेऊन लॉक-इनने, म्हणजे तेवढीच फ्रीक्वेन्सी उचलणाऱ्या अँप्लिफायरने, मोजावा लागतो.

पेट्रीडिश

कुतूहल, आधी एक सोपी टेस्ट कर. तीच पेशी, काही न हलवता, लागोपाठ वीसदा फोटो काढ. चमक हळूहळू उतरत जाईल ते ब्लीचिंग, म्हणजे प्रकाशाने रंग विटणं, ते आधी बाजूला काढ, मग लागोपाठच्या फोटोंमध्ये जी कमीजास्त उरते ती कॅमेऱ्याची आणि फोटॉनची. फोटॉन मोजून येतात, १०० आले तर सहज १० इकडेतिकडे, म्हणजे १० टक्के, आणि १०००० आले तर १०० इकडेतिकडे, म्हणजे १ टक्का. पेशीपेशींतला फरक याच्यापेक्षा बराच मोठा असेल तर तो पेशींचाच.

आता तो पेशींचा फरक येतो कुठून? एका जीनचे एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवण्यासाठी काढलेल्या त्याच्या प्रती, पेशीत कधी दोन असतात, कधी सात, कधी एकही नसतो, इतक्या कमी संख्येत रेणू कधी आदळला कधी नाही यावर सगळं ठरतं. पण नुसतं तेवढंच नाही, एका पेशीत रायबोसोमच, म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रंच, जास्त असतील तर तिच्यात सगळंच जास्त बनणार. हे दोन वेगळे कसे करायचे ते एलोविट्झ आणि मंडळींनी २००२ मध्ये इ. कोलायमध्ये दाखवलं, आणि मला विचाराल तर त्याहून स्वच्छ प्रयोग मी पाहिलेला नाही. एकाच पेशीत दोन रंगांचे प्रोटीन, दोघांना प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, सारखाच. चित्रात एक लाल दाखवला, एक हिरवा. दोन्ही बरोबरीने वरखाली झाले तर पेशी पिवळी दिसते, म्हणजे कारण पूर्ण पेशीचं. काही पेशी लाल, काही हिरव्या दिसल्या तर त्या जीनच्या स्वतःच्या पातळीवरचा फरक. दोन्ही प्रकार सापडले.

आणि लुरिया आणि डेलब्रुक यांचा पेपर वाचला नसेल तर आजच वाच, १९४३ चा आहे. प्रश्न असा की व्हायरसला न जुमानणारे बॅक्टेरिया व्हायरसशी गाठ पडल्यामुळे तयार होतात की आधीच असतात? त्यांनी थोड्याथोड्या पेशींपासून वेगवेगळ्या नळ्यांत कल्चर वाढवले आणि मग व्हायरस लावलेल्या प्लेटवर पसरले. व्हायरसमुळे बदल होत असता तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचले असते, व्हेरियन्स, म्हणजे पसाऱ्याचं माप, सरासरीइतकाच आला असता. एका प्रयोगात २० नळ्यांपैकी ११ मध्ये शून्य आणि एका नळीत १०७! सरासरी ११ च्या आसपास, व्हेरियन्स ७०० च्या आसपास. म्हणजे म्युटेशन आधीच, कुठल्याही क्षणी झालेलं, आणि ज्या नळीत लवकर झालं तिथे त्याची पिलावळ मोठी. इथे सरासरीने काहीच कळलं नसतं, अख्खं उत्तर पसाऱ्यात होतं.

शब्दवेडा

विषय माझा नाही, पण नॉइजला मराठीत गोंगाट म्हटलं की तो आधीच गुन्हेगार ठरतो असं वाटतं. 'चढउतार' म्हटलं तर कुणाचा चढउतार हा प्रश्न आपोआप येतो, आणि वरचे दोन्ही प्रतिसाद तोच प्रश्न विचारतायत, यंत्राचा की वस्तूचा.

भूतरंग

शब्दवेडा यांना +१, पण यंत्राचा की वस्तूचा एवढ्यावरही थांबता येत नाही, निदान आमच्याकडे तरी. सिस्मोमीटर भूकंप नसतानाही सतत हलत असतो, मुख्यतः समुद्राच्या लाटांमुळे, ५ ते २० सेकंदांच्या आसपासचा पिरियड. हे यंत्राचं नाही आणि आम्हाला जे मोजायचं ते जमिनीचं पोटही नाही, तिसऱ्याच कुणाचं आहे. कितीतरी वर्षं हा भाग फक्त अडथळा म्हणून फिल्टर होत राहिला. मग लक्षात आलं की दोन स्टेशनांच्या या नोंदींचं क्रॉस-कोरिलेशन काढलं, म्हणजे एक नोंद दुसरीवर पुढेमागे सरकवून कुठे जुळते ते बघितलं, की एका स्टेशनवर धक्का दिला असता तर दुसऱ्यावर काय पोचलं असतं ते मिळतं, कारण तीच लाट दोघांखालून जाते, थोडी आधी नि थोडी नंतर. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात असं एका महिन्याच्या नोंदींवरून जमिनीखालचा नकाशा काढला, भूकंपाची वाट न बघता. इथे सरासरी लागतेच हं, पण ती नॉइज घालवायला नाही, नॉइजमधली ओळख पटवायला.

कुतूहल_२

सगळ्यांचे मनापासून आभार, पेट्रीडिश यांची टेस्ट लगेच करून बघितली. ब्लीचिंग खरंच दिसलं, विसाव्या फोटोपर्यंत चमक चांगलीच उतरली होती. ते काढल्यावर एकाच पेशीत ३ टक्क्यांच्या आत कमीजास्त आणि पेशीपेशींत ४० टक्क्यांच्या वर. म्हणजे मी जो टाकत होते तो बहुतेक सगळा पेशींचाच. एक शंका, हवामानात फुलपाखराचं म्हणतात तोही नॉइजच का?

मेगाओहम

नाही, तो केऑस. लॉरेन्झने कॉम्प्युटरवरच्या हवामानाच्या मॉडेलमध्ये मधूनच आकडे परत भरताना .५०६१२७ च्या जागी .५०६ घातले आणि पुढचं अख्खं हवामान बदललं, पण त्या समीकरणांत रँडम काहीच नव्हतं, तेच आकडे पूर्ण घातले असते तर तेच उत्तर आलं असतं. नॉइज मॉडेलमध्ये मुद्दाम घालणारा हासेलमन, १९७६. रोजच्या हवेची धडपड समुद्र सावकाश साठवत जातो आणि त्यातून वर्षानुवर्षांचे चढउतार तयार होतात असं त्याने मांडलं, २०२१ च्या फिजिक्स नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे.

पेट्रीडिश

४० टक्के छान आहे, पण अजून सगळा जीनच्या खात्यावर टाकू नकोस. नुकतीच विभागलेली पेशी आणि विभागायला आलेली पेशी यांच्या आकारातच दुपटीचा फरक असतो, म्हणून एकूण चमक घेतली असशील तर ती आधी आकाराने भाग आणि परत मोज.

कुतूहल_२

अरेच्चा, एकूणच घेतली होती. भागून परत टाकते इथे आकडे, आणि दोन रंगांचा स्ट्रेन मिळतो का ते सरांना विचारते.