‘लीड’, ‘इंट्रो’ की ‘शिरोभाग’? बातमीच्या पहिल्या परिच्छेदाला म्हणायचं काय

नवशिका, सांगली
नमस्कार मंडळी. पत्रकारितेच्या पदविकेला प्रवेश घेतलाय आणि संध्याकाळी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बसतो. वर्गातल्या नोट्समध्ये ‘लीड म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद’ असं आहे. कार्यालयात मात्र ‘आज लीड कुठली?’ असं कुणी विचारलं की सगळे पानावरच्या सगळ्यात मोठ्या बातमीबद्दल बोलतात आणि पहिल्या परिच्छेदाला इंट्रो म्हणतात. सर म्हणाले, मराठीत शिरोभाग लिही. परीक्षेत काय लिहू आणि कार्यालयात काय बोलू?

जुना डेस्कवाला, सातारा
कार्यालयात इंट्रोच म्हण. पहिल्या परिच्छेदाला लीड म्हणायची रीत अमेरिकी पाठ्यपुस्तकांतली, तुझ्या नोट्स तिथूनच आलेल्या दिसतात. आपल्याकडच्या छापील पत्रकारितेची घडी ब्रिटिशांच्या वेळची. त्यात पहिला परिच्छेद तो इंट्रो आणि पानाची मुख्य बातमी ती लीड. मराठी डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान लावतात तिथे, तेच रुजलं. रात्री अकराला ‘लीड बदला’ असा फोन आला आणि एकाने परिच्छेद बदलला, दुसऱ्याने अख्खी बातमीच उचलली, तर पान वेळेत सुटेल का?

पण माझी खरी तक्रार नावाबद्दल नाही, त्या इंट्रोत आपण काय घालतो याबद्दल आहे. ‘...असे प्रतिपादन अमुक यांनी केले. ते तमुक येथे आयोजित कार्यक्रमात बोलत होते.’ हा साचा इतका घट्ट बसलाय की बातमी कुठलीही असो, ती त्यातच ओतली जाते. प्रतिपादन म्हणजे एखादा मुद्दा कारणं देऊन मांडणं. ज्याने दोन मिनिटं शुभेच्छा देऊन माईक सोडला, त्याने कसलं प्रतिपादन केलं? ग्वाही म्हणजे मुळात साक्ष, आता ती कुणीही कशाचीही देतो. ‘टोला लगावला’ आणि ‘घणाघात केला’ तर नुसत्या नापसंतीलाही चालतात. बहुतेक ठिकाणी ‘म्हणाले’ पुरतं. आणि आवाहन-आव्हान तेवढं सांभाळ. ‘घरपट्टी भरण्याचे आव्हान’ छापून आलं की पालिकेने नागरिकांना कुस्तीला बोलावल्यासारखं वाटतं.

मिरजेची ताई
परीक्षेत शिरोभाग लिही, कंसात इंट्रो. दोन्हीला गुण मिळतील.

सहा ककारांबद्दल मात्र थोडं सांगते, कारण मुलं तिथेच अडतात. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहाही पहिल्याच वाक्यात कोंबायचे, असा नियम नाही. कुठला ककार पुढे घ्यायचा, हे ठरवणं हीच इंट्रो लिहिण्यातली मेहनत. अपघातात ‘काय’ आणि ‘कुठे’ पुढे येतात. ‘का’ तपासावर सोडावा लागतो, आणि पोलिसांनी कारण सांगितलं तर ते पोलिसांच्या तोंडीच ठेवायचं. निवडणुकीच्या निकालात ‘कोण’. पाणी एक दिवसाआड येणार असेल तर ‘केव्हा’ आणि ‘कुठे’, आयुक्त कुठल्या बैठकीत बोलले ते कुणाला हवंय? प्रसिद्धिपत्रक मात्र लग्नपत्रिकेसारखं असतं. आधी सगळी नावं मानाच्या क्रमाने, आणि कामाची वेळ तळाला. ते जसंच्या तसं टाइप केलं की इंट्रो गेलाच.

खिळेवाला, कराड
तळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली, याला तुमच्या पुस्तकात उलटा पिरॅमिड म्हणत असतील. आम्ही छापखान्यात त्याला काही नाव देत नव्हतो. बातमी खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी, जुळवून गॅलीत, म्हणजे ओळी ठेवायच्या लांब तबकात, यायची. जागेपेक्षा लांब भरली की खालच्या ओळी उचलून बाजूला. मधलं वाक्य काढायचं तर त्या परिच्छेदाच्या पुढच्या सगळ्या ओळी पुन्हा जुळवाव्या लागायच्या, तेवढा वेळ कुणाला? त्यामुळे ज्याने मुद्दा शेवटी ठेवला, त्याचा मुद्दा छापखान्यातच राहिला. आता संगणकावर मधलंही काढता येतं, पण जाहिरात आयत्या वेळी आली की हात अजून शेपटाकडेच जातो.

नवशिका, सांगली
काका, ताई, आभार. सरावाला एक बातमी दिलीय. प्रसिद्धिपत्रक असं आहे (सरांनीच रचलेलं):

‘पूरस्थितीच्या पार्श्वभूमीवर प्रशासन सज्ज असून नागरिकांनी घाबरून न जाता सतर्क राहावे, असे आवाहन जिल्हाधिकाऱ्यांनी केले. ते आढावा बैठकीत बोलत होते.’ पुढे उपस्थितांची नावं, मग कर्मचारी आणि बोटींची माहिती. आणि अगदी शेवटी, आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर जाण्याची शक्यता आणि स्थलांतराची सूचना.

मी असं केलं:

‘कृष्णेचे पाणी पहाटेपर्यंत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची धोका पातळी गाठण्याची शक्यता आहे. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरमधील रहिवाशांना स्थलांतराच्या सूचना देण्यात आल्या आहेत. कोयना धरणातून ५० हजार क्युसेक प्रति सेकंद विसर्ग सुरू आहे.’

जुना डेस्कवाला, सातारा
माणसांची नावं खाली आणि वस्त्यांची नावं वर, हे झकास केलंस. आता वेळ बघ. पेपर दारात पडतो सकाळी सहाला. ‘पहाटेपर्यंत’ वाचेपर्यंत पहाट उलटून गेलेली असते. छापील बातमी लिहिताना वाचणाऱ्याचं घड्याळ धरायचं. ‘आज’, ‘उद्या’ यांचंही तेच. आदल्या दिवशीची तारीख डेटलाइनमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला गाव-तारीख देतात तिथे, असेल तर ‘आज’ चालतं, नसेल तर सरळ वार लिही. ‘सूचना देण्यात आल्या आहेत’ हेही खटकतं. कुणी दिल्या? महापालिकेने दिल्या असतील तर तसं लिही, घर सोडणाऱ्याला ते कळायला हवं.

पाटबंधाऱ्यातला निवृत्त
आकड्यांवर माझा हक्क. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी. धोका पातळी ४५. मधल्या पाच फुटांत किती घरं रिकामी होतात ते नदीकाठच्यांना विचारा. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून सांगलीत हे दोन शब्द लहान पोरांनाही वेगळे कळतात. बातमीत अदलाबदल झाली की फोन वाजायला लागतात.

दुसरं, ‘क्युसेक प्रति सेकंद’. क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सेकंद आत आहेच. ‘५० हजार क्युसेक’ एवढंच पुरे. क्युसेक हा वाहण्याचा वेग, टीएमसी हा साठा. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. साधारण ११ हजार ५७४ क्युसेक विसर्ग पूर्ण २४ तास चालला तर एक टीएमसी पाणी जातं. ‘५० हजार टीएमसी पाणी सोडले’ अशी चूक सहज होते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, तेव्हा एवढं पाणी सोडायला पावणेपाचशे कोयना धरणं लागतील.

मिरजेची ताई
आणि ‘विसर्ग सुरू आहे’ला कधीपासून ते जोड. सकाळपासूनचा की रात्री वाढवलेला, यावरच खालची गावं हिशेब करतात.

नवशिका, सांगली
पुन्हा लिहिलं (वार आणि वेळ सरावापुरते):

‘सांगली : आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी बुधवारी दुपारपर्यंत ४० फुटांची इशारा पातळी गाठण्याची शक्यता असल्याचे पाटबंधारे विभागाने सांगितले. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरमधील रहिवाशांनी सकाळीच घरे सोडावीत, अशी सूचना महापालिकेने केली आहे. कोयना धरणातून मंगळवारी सायंकाळी सहापासून ५० हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे.’

बैठक आणि ‘प्रशासन सज्ज’ कुठे घालू?

जुना डेस्कवाला, सातारा
बोटी किती आणि कुठे आहेत, ते दुसऱ्या परिच्छेदात घे. बैठक शेवटून दुसऱ्या ओळीत, उपस्थितांची नावं अगदी शेवटी. जाहिरात आली तर ती जातील.

खिळेवाला, कराड
जाहिरात नाही आली तरी जातील.