कामगारांची मते घेणारे पक्ष त्यांच्या पगारासाठी काय करतात?

सातपूरकर :
माझा धाकटा भाऊ नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षे एकाच मशीनवर उभा आहे. मात्र त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरचे ठेकेदाराचे नाव आजवर चार वेळा बदलले, आणि दर नव्या नावासोबत तो पुन्हा नवाच कामगार ठरला. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो, त्याला तो सिंगलनेच मिळतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझ्या भावजयीला एका आघाडीने महिन्याला २१०० आणि दुसरीने ३००० रुपयांचा शब्द दिला. त्या पैशांना मी नावे ठेवणार नाही, घरात त्यांचा उपयोगच होतो. पण कंत्राटी कामगार कायदा लागू होण्याची मर्यादा राज्याने २० कामगारांवरून ५० वर नेली, म्हणजे त्याहून कमी कंत्राटी कामगार असले तर तो कायदा लागूच होत नाही, आणि केंद्राच्या २०२० च्या संहितेतही ती ५० च आहे, याविषयी आमच्या गल्लीत आलेल्या एकाही उमेदवाराने चकार शब्द काढला नाही. बाईच्या खात्यात पैसे टाकायला सगळे पक्ष तयार आहेत, तिच्या नवऱ्याच्या मालकाला दुखवायला कोणीच नाही.

नाशिकरोडकर :
तुमच्या भावावर अन्याय होतो आहे, याबद्दल दुमत नाही; निष्कर्ष मात्र मला पटत नाही. त्याच चिठ्ठीत व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतील. तो कर राज्याने १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी सुरू केला, म्हणजे शहरातल्या पगारदाराकडून पैसे घेऊन दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, असा निर्णय निवडून आलेल्या लोकांनीच घेतला आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. १९६९ चा माथाडी कायदाही विधिमंडळातच झाला. बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणाऱ्या नोंदणीकृत हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळतो, तो त्या कायद्यामुळे. सगळे पक्ष सारखेच म्हणून आपण हात झटकले, तर असे कायदे करायला कोणाला भाग पाडणार?

पेठरोड :
दोन्ही कायद्यांच्या मागे आधी माणसे रस्त्यावर होती, हे नाशिकरोडकरांनी सांगायला हवे होते. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा आपल्या सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून निघाला आणि सहा दिवस चालून मुंबईत पोहोचला. माझी आत्या त्यात होती. परतली तेव्हा तिच्या टाचांची सालपटे निघाली होती आणि वनजमिनीच्या दाव्यांबाबत सरकारचे लेखी आश्वासन मिळाले होते. २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा काढावा लागला, आणि मागण्यांत वनजमीन होतीच.

नाशिकरोडकर :
किसान सभाही एका पक्षाशीच जोडलेली आहे, हे विसरू नका. त्या पक्षाच्या मागे संख्याबळ असते, तर तुमच्या आत्याला दुसऱ्यांदा चालावे लागले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सातपूरकर :
हा मुद्दा मी मान्य करतो. अडचण अशी की शेतकऱ्याला निदान एकत्र चालता येते; माझ्या भावाने युनियनचा फॉर्म भरला, तर ठेकेदार त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवील, आणि त्याला ठेवून घ्या म्हणून कारखान्याकडे जावे तर तो आमचा कामगारच नाही, असे उत्तर मिळेल. पुढच्या वेळी दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी ती चिठ्ठी दाखवणार आहे आणि मर्यादा पुन्हा २० वर आणणार का, एवढेच विचारणार आहे.