गोल्फ स्पर्धेनंतरच्या निधी-लिलावात शेवटच्या वस्तूंना बोली का लागत नाही?

प्रश्न

मी एका लहान सेवाभावी संस्थेचे काम पाहते. संस्थेच्या मदतीसाठी दरवर्षी गोल्फची स्पर्धा भरते आणि त्या दिवसाचा शेवट लिलावाने होतो. गेल्या वर्षी चौघांचे १८ संघ, म्हणजे ७२ खेळाडू आले होते. खेळानंतर बक्षीस समारंभ, मग जेवण आणि सर्वांत शेवटी २२ वस्तूंचा लिलाव असा क्रम होता. सातव्या-आठव्या वस्तूपर्यंत बोली चांगली चढली. पुढे मात्र लोक गप्पांत रमले, काही जण निघून गेले आणि शेवटच्या वस्तू राखीव किमतीच्या, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायची नाही असे आधी ठरवलेल्या किमतीच्या, जवळपासही पोहोचल्या नाहीत. ज्यांनी त्या वस्तू प्रेमाने दिल्या होत्या, त्यांच्यासमोरच हे घडले याचे मला फार वाईट वाटले. या वर्षी क्रम बदलावा, वस्तू कमी कराव्यात, की लिलावाची पद्धतच बदलावी?

पहिले उत्तर

अशा कार्यक्रमांत मी अनेकदा लिलाव पुकारला आहे, त्यावरून सांगतो. एका वस्तूची ओळख करून देऊन ‘तीन वार’पर्यंत पोहोचायला तीन-चार मिनिटे लागतात. म्हणजे २२ वस्तूंना तासाहून अधिक वेळ जातो, आणि साडेचार-पाच तास मैदानावर घालवलेल्या माणसाकडून इतके लक्ष मागणे योग्य नाही. प्रत्यक्ष पुकारण्यासाठी सहा-सात वस्तूच ठेवा आणि बाकीच्या मूक लिलावाच्या, म्हणजे बोली न पुकारता कागदावर लिहिण्याच्या लिलावाच्या, टेबलावर मांडा. सर्वांत मोलाची वस्तू शेवटासाठी राखून ठेवण्याचा मोह होतो, पण ती तिसरी किंवा चौथी आणावी. तोवर सभागृहात रंग भरलेला असतो आणि कोणी उठलेले नसते.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे : लिलाव बक्षिसांच्या आधी घ्या. बक्षिसे वाटून झाली की थांबण्याचे कारणच संपते. खेळ शॉटगन पद्धतीने सुरू करा, म्हणजे प्रत्येक संघ एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून निघेल आणि सर्व जण साधारण एकाच वेळी परततील. हेच १८ संघ दहा-दहा मिनिटांच्या अंतराने एकाच टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) सोडले, तर पहिल्या आणि शेवटच्या संघात १७० मिनिटांचे अंतर पडते, आणि पहिला संघ इतका वेळ वाट पाहील अशी अपेक्षा धरता येत नाही.

मूक लिलावाची बोलीपत्रके सकाळी नोंदणीच्या टेबलाजवळच उघडी ठेवा, म्हणजे खेळाडू जाताना एकदा आणि येताना एकदा ती पाहतील. सुरुवातीची बोली बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास ठेवावी आणि प्रत्येक पुढची बोली साधारण दहा टक्क्यांनी वाढावी, हे पत्रकावरच छापा. प्रत्यक्ष लिलाव सुरू होण्यापूर्वी ही पत्रके बंद करा, कारण तिथे हरलेल्या माणसाला आपले पैसे मोकळे असल्याचे कळले की तो पुढच्या लिलावात उत्साहाने उतरतो.

दुसरे उत्तर

वरील बहुतेक मुद्दे पटतात. मात्र वस्तूंच्या निवडीचा विचार आधी व्हायला हवा. चढत्या बोलीत अंतिम किंमत जिंकणारा ठरवत नाही, ती त्याच्या मागे राहिलेला दुसरा माणूस ठरवतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेल्या विवेचनाचाही हा गाभा आहे. त्यामुळे वस्तू कितीही महाग असली, तरी ती मनापासून हवी असणारी किमान दोन माणसे सभागृहात नसतील, तर ती स्वस्तातच जाणार. एरवी प्रवेश न मिळणाऱ्या खासगी मैदानावर तेथील सभासदाबरोबर खेळण्याची संधी, किंवा नामवंत प्रशिक्षकाकडे काही तास शिकण्याची संधी, अशा गोष्टींसाठी गोल्फ खेळणारे खरोखर चुरस करतात. देणाऱ्याची आधी संमती घेतलेली असेल, तर हरलेल्या बोलीदारालाही त्याच्या अखेरच्या बोलीइतक्या रकमेत तीच संधी देता येते आणि एका देणगीतून जवळपास दुप्पट निधी उभा राहतो.

स्वाक्षरी केलेल्या वस्तू अस्सलपणाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. सहलींची पॅकेजे देणाऱ्या काही कंपन्या आपली मूळ किंमत आधी वळती करून घेतात आणि त्यावरची रक्कमच संस्थेच्या हाती पडते; ते आकडे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

तिसरे उत्तर

हिशेबाच्या बाजूने दोन गोष्टी. अनेक देशांत लिलावात दिलेली संपूर्ण रक्कम करसवलतीस पात्र ठरत नाही, वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त दिलेला भागच देणगी मानला जातो; म्हणून पत्रकावर बाजारभाव लिहून ठेवा. दुसरे म्हणजे, कोणी खेळणाऱ्या संघांचाच लिलाव करून जमलेली रक्कम विजयी संघावर बोली लावणाऱ्यांत वाटण्याची कल्पना सुचवील. त्याला ‘कलकत्ता’ म्हणतात. तो पैजेचा प्रकार असल्याने अनेक ठिकाणी कायद्यात अडकतो, तेव्हा संस्थेने त्यापासून दूर राहावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. बक्षिसांपूर्वी लिलाव घेण्याचे आम्हाला कधीच सुचले नव्हते. एक शंका उरते : ज्यांना कोणतीच वस्तू नको, पण मदत करायची आहे, त्यांच्यासाठी काय करावे?

पहिले उत्तर देणाऱ्याकडून पुन्हा

चौथ्या-पाचव्या वस्तूनंतर थेट देणगीचे आवाहन ठेवा. संस्थेची मदत मिळालेल्या एखाद्या व्यक्तीने, तिची इच्छा असेल तरच, दोन मिनिटे बोलावे. त्यानंतर सर्वांत मोठ्या रकमेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली यावे आणि प्रत्येक टप्प्यावर ज्यांनी क्रमांकाची पाटी वर केली त्यांची नोंद दोन वेगळ्या माणसांनी घ्यावी. पहिल्या टप्प्यावर हात वर करणारे कोणीतरी आहे याची खात्री आदल्या दिवशीच करून घ्या, कारण तिथे शांतता पसरली तर खालच्या टप्प्यांवरही लोक संकोचतात.