वारशातलं सामान ऑनलाइन विकून देणारं कुणी मिळालं का? अनुभव लिहा

आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचा बिल्डरशी करार झाला. दिवाळीपर्यंत दोन खोल्या रिकाम्या करून द्यायच्यात. सासऱ्यांनी जन्मभर जमवलेलं सगळं तिथे आहे: तांब्याचा बंब, दोन घंगाळं, मर्फीचा रेडिओ, दीडेकशे तबकड्या, सागवानी कपाट, एचएमटीची चार घड्याळं आणि एक कुलूपबंद पेटी, जिची किल्ली कुणाकडेच नाही. मोडीत घालवत नाही. दीर अमेरिकेतून सांगतात, "वहिनी, ऑनलाइन टाका ना, सोपं असतं." सोपं आहे तर त्यांनी तिथून टाकावं. मला फोटो, मोजमापं, फोन, पॅकिंग सगळं बघणारा, टक्केवारीवर काम करणारा विश्वासू माणूस हवाय. तुम्ही कसा शोधलात, किती दिलेत, कुठे फसलात, सगळं लिहा. नावं आणि नंबर नकोत.

कोथरूडहून

सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाला काम दिलं, दहा टक्क्यांवर. फोटो झकास काढले पठ्ठ्याने. मग "अजून आहे का?" आणि "लास्ट किती?" या दोन प्रश्नांना उत्तरं देऊन कंटाळला, त्यातच सबमिशन आलं. चाळीसपैकी चौदा वस्तू गेल्या. त्याला दोष देत नाही. चारशेच्या खलबत्त्यावर चाळीस रुपये मिळणार, त्यासाठी तीनदा गिऱ्हाइकाला दार कोण उघडेल? दुसऱ्या खेपेला हजाराच्या आतल्या वस्तू वेगळ्या काढून त्याचे सरळ एकरकमी पैसे ठरवले, वरच्यांवर वीस टक्के. उरलेलं रविवारी जुन्या बाजारात नेलं. तिथे भाव फार पडला म्हणावं, तर तसंही नाही.

धनकवडीहून

माझा अनुभव कडू आहे. ओळखीतल्या एकाने आईच्या शिलाई मशीनची जाहिरात टाकली आणि त्यावर नंबर माझाच दिला. तासाभरात फोन. "मी लष्करात आहे, बदली झालीय, माणूस येऊन मशीन घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवतो." क्यूआर कोड आला, स्कॅन केला, पिन टाकला, अठरा हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे मला नंतर मुलीने सांगितलं, तेही ओरडून. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून पाच हजार बँकेत अडकले आणि परत मिळाले. मध्यस्थ म्हणाला, "काकू, तुम्ही मला विचारायचं ना!" अहो, मग तुम्हाला नेमलं कशाला? तेव्हा आधी एवढं ठरवून घ्या की जाहिरातीवर नंबर त्याचा असेल आणि पैसे कसे घ्यायचे तेही तोच बघेल.

कसब्याहून

मी दुसऱ्या बाजूचा. गेली काही वर्षं लोकांचं असं सामान विकून देतो, पंचवीस टक्के घेतो. त्यावर नाकं मुरडली जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वस्तू विकणं हे कामातलं सर्वांत लहान काम. मोठं काम म्हणजे ती काय आहे हे ओळखणं आणि मालकाला न दुखावता सांगणं. "आजोबांचा ग्रामोफोन" म्हणून जे येतात, त्यातले निम्मे अलीकडे बनवलेले असतात: चकचकीत पितळी कर्णा, वर कुत्र्याचं चित्र, आत भलत्याच यंत्राचे भाग. आजोबांनीच शोभेला घेतलेला असतो बिचाऱ्यांनी. घड्याळांचं तेच. एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं २०१६ मध्ये ठरल्यापासून शौकीन वाढले, तशी डायल नव्याने रंगवलेली घड्याळंही वाढली. तुमच्याकडची डायल पिवळी पडलेली असेल तर हात लावू नका, जाणकार तिलाच पैसे देतो. पट्टाही बदलू नका.

पितळेचंही तसंच. गिऱ्हाईक येणार म्हणून चिंचेने, पावडरने घासून ठेवतात. ज्याला रोज वापरायचंय त्याला ते आवडतं, संग्राहकाला नाही. आधी विचारा, मग घासा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या असतात. एकावर एक रचल्या की तळातल्या तडकतात, उभ्या ठेवा. दीडशेतल्या वीसेक विकल्या जातील, बाकीच्या कुणालातरी फुकट द्याल. हे ऐकून लोक रागावतात, पण मी आधीच सांगतो.

आणि जुनी नाणी-नोटा. "एका नोटेचे दोन लाख" असा फोन आला आणि नोंदणीची फी मागितली की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने हा खेळ चालतो, बँकेने २०२१ मध्ये तसं बजावलंही होतं.

मी स्वतः दोन गोष्टी करतो. वस्तूंची यादी, प्रत्येकीपुढे मालकाने ठरवलेली किमान किंमत, खाली दोघांच्या सह्या. आणि तीन महिन्यांत न विकलेलं सामान माझ्या खर्चाने परत. यादी लिहायला कां कूं करणाऱ्याकडे माझं स्वतःचं सामान मी देणार नाही.

सदाशिव पेठेतून

पेटी उघडाल तेव्हा जपून. आमच्या पेटीत देवघरातल्या जुन्या धातूच्या मूर्ती, मोडी लिपीतले कागद आणि हस्तिदंताची फणी निघाली. ज्याला काम दिलं होतं त्याने फोटो बघून हातच झटकले, आणि बरोबर केलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपुढची मूर्ती, चित्र वगैरे पुरावशेषात मोडतं, महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तरच वर्षं. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तिदंत विकायला वन्यजीव कायद्याने बंदीच आहे, मग ते पणजीचं का असेना. मूर्ती घरातच ठेवल्या. कागद भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवले आणि तिथेच दिले. त्यात आमच्या खापरपणजोबांनी कुणाकडून तरी घेतलेलं कर्ज होतं. फेडलं की नाही, त्याचा कागद सापडला नाही.

सहकारनगरहून

कराचं कुणी लिहिलं नाही म्हणून. घरगुती वापराच्या भांड्याकुंड्यांना, फर्निचरला भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलावस्तू मात्र त्यात धरतात, वारशाने आलेल्या असल्या तरी. आणि भावंडं असतील तर विकण्यापूर्वी सगळ्यांची संमती लेखी घ्या. आमच्या बहिणीला आईची पैठणी जाहिरातीत दिसली.

औंधहून

घंगाळावर आजेसासूबाईंचं नाव कोरलेलं होतं, लग्नात आलेलं ते. बाणेरच्या एका जोडप्याने झाडासाठी घेतलं. आधी विचारलं, "नाव पुसता येईल का?" नाही म्हटल्यावर नावापोटी दोनशे कमी करून मागितले. आमच्या माणसाने पन्नास कमी केले. आजेसासूबाई असत्या तर तेवढेही केले नसते.

पुन्हा शनिवार पेठ

सगळ्यांचे आभार. तिघांना यादी लिहून देता का विचारलं, एकच हो म्हणाला. एका निवृत्त बँकवाल्यांचा मुलगा आहे, सध्या दोन पोस्टिंगच्या मधल्या सुट्टीत घरी. वीस टक्के, नंबर त्याचा. परवा तीन तास बसून त्रेसष्ट वस्तू लिहिल्या. सासूबाई शेजारी बसून प्रत्येक वस्तू कुणाकडून आली ते सांगत होत्या, त्यामुळे यादी बारशाच्या आहेरासारखी झालीय. पेटीचं कुलूप किल्लीवाल्याने उघडलं. आत रिकाम्या अत्तराच्या बाटल्या आणि दुसऱ्या तीन किल्ल्या.

मर्फीचा फोटो काल रात्री टाकला. सकाळपर्यंत चार मेसेज आलेत. चारही जण विचारतायत, लास्ट किती?