दिल्लीचं बाहुली संग्रहालय : सासूबाईंना जमेल का?

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला चाललोय. बहादूरशाह जफर मार्गावरच्या नेहरू हाऊसमधलं, व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली सुरू केलेलं बाहुल्यांचं संग्रहालय लेकीला दाखवायचंच आहे. देशोदेशीच्या बाहुल्या आहेतच, पण तिथल्याच कार्यशाळेत बनलेल्या, प्रांतोप्रांतीच्या पेहरावातल्या भारतीय बाहुल्यांचं मला जास्त कौतुक. नऊवारीवाली दिसली तर काष्टा नीट घातलाय का, हे सासूबाई काचेला नाक लावून बघणार!

अडचण त्यांच्या गुडघ्यांची. लिफ्ट चालू असते का? आत टेकायला बाक? आयटीओ मेट्रोपासून त्यांना चालवेल की रिक्षाच करू? सोमवारी बंद असतं हे माहितीये. लहान मुलीसोबत किती वेळ धरावा? अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.