मदत हवी आहे: बढतीच्या समितीत हे कसं मांडू?

बढतीचे निकष ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलंय. नियमांत भेदभाव कुठेच नाही. पण नजरेत भरणारे प्रोजेक्ट पुरुषांकडे जातात, आणि बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, नवीन लोकांना शिकवणं, निरोप समारंभ ठरवणं बायकांकडे. नुकत्याच बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या सहकारी मैत्रिणीला तर ‘तिला प्रवास जमणार नाही’ म्हणत परस्पर वगळलं. तिला विचारलंसुद्धा नाही! हे मला फार लागलंय. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनीही दाखवलंय, की स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत पहिल्या मुलानंतर बरीच वाढते.

कोणाला कोणतं काम दिलं, याची नोंद तुमच्याकडे ठेवतात का? ही न दिसणारी कामं मूल्यमापनात कशी धरतात? आणि वरिष्ठांना आरोप न वाटता हा विषय कसा काढावा? बैठक पुढच्या आठवड्यात आहे, अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.